म्हणावं

"दोर सैल सोड म्हणावं."

विहिरीच्या तळातून धाकट्याचा आवाज आला. काठावर त्याची बायको उभी होती. तिनं मान वळवली आणि रहाटाचा दांडा धरून उभ्या असलेल्या थोरल्या दिराला सांगितलं, "दादा, दोर सैल सोडायला सांगताहेत."

थोरल्यानं दोर सैल सोडला. धाकट्याचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं असं नाही. कोरड्या विहिरीत कुणी शिंकलं तरी बांधापर्यंत ऐकू जातं. पण धाकटीनं सांगितल्याशिवाय तो ते ऐकलेलं धरत नसे. खालचाही तसाच. थोरला बोलला की तो वर बघायचा, धाकटीचं डोकं काठावरून पुढं येईपर्यंत थांबायचा आणि मगच हात हलवायचा.

"बादली गच्च भरू नको म्हणावं," थोरला म्हणाला. "दोर जुना झालाय."

धाकटी वाकली. "बादली गच्च भरू नका म्हणतात. दोर जुना झालाय."

"जुना तर मीपण झालोय. नवा आण म्हणावं, बघतोस काय."

"बरं म्हणाले," धाकटीनं वर सांगितलं.

थोरल्यानं खुंटी अडकवली आणि दांड्यावरचा हात काढून कपाळाचा घाम पुसला. "नव्या दोराचं राहिलं," तो म्हणाला. "धाकटे, सांगायचं तर पुरतं सांगावं."

वर आलेली बादली धाकटीनं ओढून घेतली, मुरूम बांधापलीकडं उपडा केला आणि रिकामी बादली परत सोडली. तिच्या तळहातांना कडीचे घट्टे पडले होते. कमरेला पदरात बांधलेलं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक वाकताना पोटात रुतायचं, तरी ते तिनं सोडलं नव्हतं. बादली खाली जाईपर्यंत आणि भरेपर्यंत जो वेळ मिळे, तेवढा तिचा अभ्यास. "सेड टू चं टोल्ड," ती पुटपुटायची. "नाऊ चं देन. हिअर चं देअर."

"काय म्हणाला?" थोरला विचारायचा.

"ते नाही, मी. परीक्षेचं."

यंदा पाऊस अर्ध्यावर हात झटकून गेला होता. दोघा भावांच्या जमिनीत कोबी उभा होता, गड्डे नुकते धरू लागले होते आणि विहिरीनं तळ दाखवला. वाटण्या झाल्या नव्हत्या. विहीर एक, रान एक, घरही एकच. मजूर लावायची ऐपत नव्हती, म्हणून भावांनी स्वतःच विहीर खोल करायला घेतली. थोरल्याला दम्यानं खाली उतरवत नाही, म्हणून तो वर. धाकटा पहार घेऊन खाली. गावानं एकाचं नाव वरचा ठेवलं आणि दुसऱ्याचं खालचा. काठावरच्या धाकटीला नाव ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

वर्ष होत आलं, हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, मारामारी नव्हती, नुसतं बोलणं बंद. तसं बघितलं तर बोलणं बंदही नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या घरात जेवढं बोलणं व्हायचं तेवढं गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या भावांतसुद्धा होत नसेल. पाणी तापलंय म्हणावं. बैलाचा पाय बघ म्हणावं. माझी कुदळ ठेवली तिथं ठेव म्हणावं, दुसऱ्याची वस्तू वापरायची तर रीत असते म्हणावं. भावाच्या देखत, भावाकडं पाठ करून, भावासाठीच बोललेलं हे सगळं त्या एका शब्दाच्या आधारानं पलीकडं जायचं. तो शब्द लावला की आपण बोललोच नाही असं म्हणायला दोघे मोकळे.

सुरुवातीला हे सांगण्याचं काम थोरली करायची, म्हणजे वरच्याची बायको. पण तिच्या तोंडात वाक्य तसंच राहत नसे. ओसरीवरून निघालेलं वाक्य परसात पोचेपर्यंत त्याला पोरंबाळं झालेली असायची. 'फावडं दे म्हणावं' एवढं धाकट्यानं म्हटलं की थोरलीकडून नवऱ्याला कळायचं, "फावडं मागतोय, आणि तोंड असं केलं होतं की जसं काही आपण गिळून बसलोय." तिच्यामुळं एकदा दोघे भाऊ फावड्यावरून आठवडाभर जेवले नाहीत. तेव्हापासून हे काम धाकटीकडं आलं. ती घालत काही नाही, उलट थोडं गाळूनच सांगते, असं घरात ठरून गेलं.

धाकटीला ते काम नको होतं. तिला शालान्त परीक्षेचा इंग्रजीचा पेपर द्यायचा होता. बाकीचे विषय लग्नाआधीच निघाले होते, इंग्रजीनं मात्र दोनदा तोंडावर आपटलं होतं. बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर जागा निघाली होती आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बघून सांगितलं होतं, दाखला आण, जागा तुझी. नाही आणलास तर दुसरीला देते. खिडकीच्या आत पंखा होता, खुर्ची होती. लोक नाव सांगणार, ती लिहिणार. एकाचं दुसऱ्याला सांगायची गरज नाही. या खुर्चीचा विचार करताना धाकटीला कधी कधी बादलीसुद्धा हलकी लागायची.

---

बाजाराच्या दिवशी काम बंद असे. त्या दिवशी ती भाजी विकून झाल्यावर इंग्रजीच्या बाईंकडं जायची. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, ओसरीत शिवणयंत्रापुढं बसून शिकवायच्या. एक नजर सुईवर, एक विद्यार्थ्यावर.

"इनडायरेक्ट स्पीच," बाई म्हणाल्या. "मागच्या दोन्ही वेळेला तुझे यातच मार्क गेलेत. काय चुकतं तुझं?"

"मी चुकतं," धाकटी म्हणाली.

"तू चुकतेस ते कळलं. काय चुकतं?"

"तेच बाई. मी चुकतं. आय. आमच्यात 'तो म्हणाला की मी येतो' असं म्हणतात. मी तसाच राहतो. इंग्रजीत तो बदलतो."

बाईंनी यंत्र थांबवलं. "तुमच्यात काय वाटेल ते राहतं. पेपरात राहायचं नाही. बोलणारा कोण, सांगणारा कोण, ऐकणारा कोण, तिघं आधी नक्की करायचे. 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग.' येणारा कोण ते इंग्रजीत लपत नाही. सांग एखादं वाक्य तुझ्या मनानं."

मनानं वाक्य सांगायचं म्हटलं की धाकटीच्या मनात घरचंच यायचं. वर्षभर घरात जे वाक्य कुणी उच्चारत नव्हतं, तेच तिच्या तोंडून निघालं. "धाकटा म्हणतो, मी एकटाच राबतो."

"कोण सांगतोय हे?"

"थोरला. चक्कीवाल्याला."

"मग मी म्हणजे कोण?"

"धाकटा."

"कशावरून? सांगणारा थोरला आहे. तो स्वतःलाच मी म्हणत असेल. 'माय ब्रदर सेज दॅट ही वर्क्स अलोन,' किंवा 'माय ब्रदर सेज दॅट आय वर्क अलोन.' दोन वाक्यं झाली. राबणारा कोण ते आधी ठरव आणि मग माझ्याकडं ये." बाईंनी यंत्र सुरू केलं.

धाकटी पेन धरून बसली. बोलणं बंद झालं ते या वाक्यावरून. थोरला दळण घेऊन चक्कीवर गेला होता, तिथं तो चक्कीवाल्याला हे बोलला. चक्कीवाल्यानं पट्ट्याच्या आवाजात जेवढं ऐकलं तेवढं धाकट्याच्या कानावर घातलं, "तू म्हणे एकटाच राबतोस? तुझा भाऊ गाऱ्हाणं सांगत होता." धाकटा पिठाचा डबा तसाच टाकून घरी आला आणि अंगणात उभा राहून ओरडला, "मी असं कधी बोललो? बोललोच नाही मी. तू खोटा आहेस." थोरला तेव्हा बैलांना चारा टाकत होता. त्यानं भावाकडं बघितलं, त्याचा चेहरा पडला. "बरं," तो म्हणाला, "नाही बोललास." त्यानंतर तो त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. एवढ्याशा गोष्टीवर माणूस इतका का मिटावा हे धाकटीला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजपर्यंतही नाही.

परतीच्या वाटेवर ती इतकी भरभर चालत होती की मागून येणाऱ्या बायकांनी तिला विचारलं, घरी कोण आजारी आहे का.

---

संध्याकाळी धाकटा पायरीवर बसला होता. त्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरी भुकटी होती. धाकटी त्याच्या तळहातांना तेल लावत होती. फोड फुटून खालची कातडी लाल झाली होती.

"तुम्ही दादांना कधी म्हणाला होता का, की ते एकटेच राबतात?" तिनं विचारलं.

"आता हे काय?"

"सांगा ना."

धाकट्यानं आठवून बघितलं. "तापात पडलो होतो तेव्हा. काढणी त्यानं एकट्यानं केली. रात्री येऊन पाय चेपायचा माझे. तेव्हा म्हणालो असेन. तू एकटाच राबतोस रे दादा, असं काहीतरी." मग त्यानं हात ओढून घेतला. "का?"

"चक्कीवर ते हेच सांगत होते. धाकटा म्हणतो, मी एकटाच राबतो. मी म्हणजे ते. भाऊ आपल्याला असं म्हणाला हे त्यांना मिरवायचं होतं. आणि तुम्ही अंगणात येऊन सांगितलंत, मी असं बोललोच नाही."

आतून थोरलीचा भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

"मग?" धाकटीनं विचारलं. "जाऊन बोला. ओसरीतच आहेत."

"वर्षभर तोंड शिवून बसल्यावर आता काय जाऊन बोलू? काय म्हणू? आज परीक्षेच्या अभ्यासात सापडलं म्हणू?" तो उठला. "तू सांग उद्या. जसंच्या तसं सांग. मी म्हणालो म्हणावं, तू एकटाच राबतोस."

---

दुसऱ्या दिवशी ऊन सकाळीच तापलं. थोरल्याचा श्वास शिट्टी वाजवू लागला होता. एक जड बादली अर्ध्यावर आली आणि त्याला खुंटी अडकवून थांबावं लागलं. दांड्याला टेकून तो उभा राहिला, तोंड उघडं, बरगड्या वरखाली. धाकटीला वाटलं, हीच वेळ. शहाणपणाची नसली तरी तिच्याकडं दुसरी नव्हती.

"दादा, हे म्हणतात की तुम्ही एकटेच राबता."

थोरल्यानं मान हळूहळू वर केली. "असं म्हणतो?"

"हो. मनापासून म्हणतात."

"मी इथं दम खायला थांबलो तर खालून टोमणे मारतो?" त्याचा आवाज घोगरा झाला. "बघत होता वाटतं वर. एकटाच राबतो म्हणे. चांगलंय."

"तसं नाही दादा. टोमणा नाही. तुम्ही चक्कीवर जे बोलला होता ना, ते..."

"चक्कीचं नाव काढू नको." त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि तो चालू लागला. बादली अर्ध्यावर लोंबकळत राहिली. धाकटीला एकटीला तो रहाट ओढवत नव्हता. धाकटा अर्ध्या उंचीपर्यंत कपारींना धरून आणि पुढं दगडी टप्प्यांवरून चढून वर आला. गुडघे सोलून निघाले होते.

"काय सांगितलंस तू त्याला?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"तेच सांगितलं असतंस तर तो गेला असता का? नीट सांगता येत नाही एवढंसं वाक्य."

धाकटीला इतका राग आला की तिला रडूही येईना. वर्षभर हे दोघे बोलणार आणि चुकणार मात्र ती. पुस्तकात सगळं बदलायला शिकवलं होतं. काळ बदला, सर्वनाम बदला, प्लीज असेल तर काढा आणि विनंती केली असं घाला. पण पाय चेपून घेताना तापात बोललेलं वाक्य उन्हात, धापा टाकणाऱ्या माणसाला सांगितलं तर त्याचं काय होतं, ते पुस्तकात कुठंच नव्हतं. त्या दिवशी काम बंद राहिलं आणि कोबीची बाहेरची पानं दुपारपर्यंत कानासारखी पडली.

थोरला दुसऱ्या दिवशी येऊन रहाटावर उभा राहिला. भावासाठी नव्हे, कोबीसाठी, असं त्यानं थोरलीला सांगितलं होतं आणि थोरलीनं ते सगळ्यांना सांगितलं.

---

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी खालून वेगळाच आवाज आला. पहार खणकन वाजायची ती धप्प वाजली. धाकट्यानं मूठभर माती बादलीत घालून वर पाठवली. धाकटीनं ती दाबली तेव्हा ती मुठीत तशीच राहिली. थोरल्यानं तिच्या हातून ती घेतली, नाकाशी नेली, पुन्हा दाबली आणि टाकायच्याऐवजी दांड्याजवळ दगडावर ठेवली.

"ओल आहे म्हणावं," तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा हलका लागला.

"ओल आहे म्हणतात," धाकटीनं खाली सांगितलं.

"मला दिसतंय ते. उद्या दिवसभर खणलं तर झरा लागेल." धाकटा वर बघत होता. तोंड मातीनं भरलेलं, दात तेवढे पांढरे. "उद्या तू जाऊ नको."

"उद्या माझा पेपर आहे."

"माहीत आहे मला. पण उद्या काठावर कोण? आता एक दिवस थांबलं तर कोबी हातचा जाईल. पुढच्या वेळेला दे पेपर."

"पुढच्या वेळेपर्यंत खिडकी राहणार नाही. तिथं दुसरी बसेल."

"मग बसू दे," असं म्हणून त्यानं पहार उचलली आणि खणायला सुरुवात केली. धप्प, धप्प आवाज वर येऊ लागला.

धाकटी काठावर तशीच उभी राहिली. रहाटामागून थोरल्याचा आवाज आला, "तिची परीक्षा बुडवू नको म्हणावं. बादली मी उपसेन."

धाकटीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. तो दोराचं वेटोळं सारखं करत होता. तिच्यासाठी त्या घरात कुणी कधी असं काही बोललं होतं असं तिला आठवेना. ती विहिरीत वाकली, आणि बोलताना तिची जीभ अडखळली, कारण वाक्य बदलायला हवं होतं.

"माझी परीक्षा बुडवू नका म्हणतात. बादली ते उपसतील."

पहार थांबली. "कोण म्हणतं?"

"दादा."

"तो म्हणतो की तू? एवढे दिवस खाली आहे मी, असलं कधी बोलला नाही तो. तुझं तू त्याच्या तोंडी घालू नको."

"ते म्हणाले. आत्ता म्हणाले. तुम्हाला पहारीनं ऐकू आलं नसेल."

"मग पुन्हा म्हणायला सांग."

तिनं थोरल्याकडं बघितलं. "दादा, पुन्हा म्हणा ना. मोठ्यानं."

थोरला विहिरीकडं बघत काठाच्या कडेपर्यंत आला, त्याचं तोंड उघडलंसुद्धा. मग तो मागं फिरला. "सांगितलं ना मी तुला," तो म्हणाला. "एकदा सांगितलं."

खालून पुन्हा धप्प सुरू झालं. वर्षभर त्यांचं सगळं तिनं खरं म्हणून पोचवलं होतं आणि तिच्या बाजूचं पहिलं वाक्य खोटं ठरलं होतं. तेही तिचं नव्हतं. धाकटीनं बादली ओढली, उपडी केली, परत सोडली. दिवस मावळेपर्यंत ती दुसऱ्यांचं सांगण्यापुरतंच बोलली.

---

सकाळी ती लवकर उठली. पाणी भरलं, स्वयंपाक केला, दोघांचे डबे वेगवेगळे बांधले. धुतलेलं लुगडं नेसली. चुलीपाशी थोरली गुडघे चोळत बसली होती.

"तू जातेस तर मी जाते काठावर," थोरली म्हणाली. "बघू दे तरी काय बोलतात ते."

ओसरीतून थोरल्याचा आवाज आला, "तू घरीच बैस. तू आलीस तर विहिरीला पाणी लागायच्या आधी आम्ही एकमेकांना लागू."

धाकटी विहिरीवर गेली तेव्हा दोघे आपापल्या जागी होते. एक वर, एक खाली. धाकटा तिची वाट बघत पहारीला टेकून उभा होता. तिनं डबे दगडावर ठेवले, पेन केसात नीट खोचलं.

"मी निघाले," ती म्हणाली.

"कुणाला सांगतेस?" खालून प्रश्न आला.

"दोघांना. ऐकू जातंय दोघांना. कुणी कुणाला सांगायला नको."

कुणी हाक मारेल असं तिला वाटत होतं. बांध ओलांडेपर्यंत तिचे कान मागंच होते. रहाटाचा आवाज आला नाही, पहारीचाही नाही. कोबीच्या सरीतून चालताना तिच्या पायाखाली भेगा होत्या. कोरडी माती वहाणांत जात होती आणि ती झटकायला ती थांबली नाही.

परीक्षेच्या खोलीत तिच्यापेक्षा अर्ध्या वयाच्या मुली होत्या. पेपर हातात आला तेव्हा तिनं सगळ्यांत आधी तो प्रश्न शोधला. पाच वाक्यं होती. 'आय ॲम वेटिंग फॉर यू,' मदर सेड टू हर सन. तिनं बोलणारी, सांगणारा, ऐकणारा, तिघं आधी बोटांवर नक्की केले. मग लिहिलं. पुढचं. त्याच्या पुढचं. मध्येच तिला वाटायचं, धाकटा खाली आहे, बादली भरली आहे, आणि वरच्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आहे. किंवा त्या दिवशीसारखा फडकं खांद्यावर टाकून निघून गेला आहे. तिचा हात थांबायचा, घाम कागदावर पडायचा, ती तो पदरानं टिपायची. शेवटचं वाक्य होतं, 'डू नॉट गो,' ही सेड टू हिज ब्रदर. इथं विनंती की आज्ञा हे पेपरात दिलेलं नव्हतं, ते आपणच ठरवायचं होतं. ती त्यावर सगळ्यांत जास्त वेळ बसली. मग तिनं रिक्वेस्टेड लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

बाहेर आल्यावर बाई फाटकाशी उभ्या होत्या. धाकटीनं पाचही वाक्यं धडाधड म्हणून दाखवली. बाईंनी डोळे मिटून ऐकली. "एकही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "जा आता, खिडकी पुसून ठेव म्हणावं डॉक्टरीणबाईंना."

धाकटी हसली. तिला ते घरी जाऊन सांगायचं होतं. कुणाला तरी, कुणाचं तरी नव्हे, स्वतःचं. पेपर चांगला गेला. मी पास होणार. मालाच्या गाडीत मागं बसून ती येईपर्यंत ही दोन वाक्यं तिच्या तोंडात उड्या मारत होती. फाट्यावर उतरली आणि घरी न जाता थेट विहिरीच्या वाटेला लागली.

बांधाजवळ आल्यावर तिला रहाटाची कुरकुर ऐकू आली. वहाणा हातात घेऊन ती भरभर निघाली. मग आवाज आला.

"सैल सोड म्हणावं."

"सोडतोय म्हणावं."

धाकटी जागच्या जागी थांबली. काठावर कुणी नव्हतं. थोरली नव्हती, गडी नव्हता, कुणी नव्हतं. थोरला रहाटावर होता, आणि विहीर.

"अजून सोड म्हणावं. गुडघाभर झालंय पाणी. बादली बुडत नाही पुरती."

"तिरकी घाल म्हणावं, तिरकी. गढूळ आहे का?"

"आता निवळतंय म्हणावं."

पाण्याचा डुबुक असा आवाज झाला. थोरल्यानं दांडा फिरवायला घेतला. वर आलेली बादली त्यानं खुंटी लावून स्वतःच ओढली, ओंजळीनं पाणी डोक्यावर घेतलं आणि उरलेलं पाटात ओतलं. तो धापा टाकत होता. काठाशी येऊन त्यानं आत पाहिलं.

"थांबू का जरा म्हणावं," तो म्हणाला. "दम लागलाय."

खालून धाकट्याचा आवाज आला, हळू, पण विहिरीनं तो मोठा करून वर आणला. "थांब म्हणावं. सकाळपासून तू एकटाच राबतोस वर. मी म्हणालो होतो तेव्हाही, तापात. तू एकटाच राबतोस म्हणावं."

थोरला काठावरच खाली बसला. त्यानं ओलं फडकं तोंडावर घेतलं आणि ते तिथंच धरून ठेवलं. त्याचे खांदे हलत होते, ते दम्यानं की कशानं, हे धाकटीला एवढ्या लांबून कळलं नाही. मग त्यानं फडकं काढलं आणि नाक शिंकरलं.

"डबा सोडू का म्हणावं," तो म्हणाला. "तुझा उघडला मी मगाशी. भाजी माझ्यापेक्षा चांगली आहे."

"अर्धी ठेवून घे म्हणावं."

धाकटीला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं तोंडावर पदर धरला. तिचं पाऊल वाळक्या पाल्यावर पडलं तसं थोरल्यानं मान वर केली. ती त्याला दिसली. कोबीच्या सरीत, धुतलेल्या लुगड्यात, वहाणा हातात घेऊन उभी. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तिच्या तोंडात पेपरचं वाक्य होतं, ते तिच्या ओठांपर्यंत आलं.

"ती आली का म्हणावं?" खालून धाकट्यानं विचारलं. "उशीर झालाय. वाटेकडं बघ म्हणावं जरा."

थोरला तिच्याकडं बघत होता. त्यानं दांड्यावर हात ठेवला.

"नाही अजून म्हणावं," तो म्हणाला. "दिसत नाही कुठं."

धाकटीनं वाक्य गिळलं आणि त्यांचं बोलणं तुटू नये म्हणून ती कोबीच्या सरीत खाली बसली.